दोन इंच कुठून आणले ते सांगा: पिकअपचं नाक उचलणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
पिकअपची पुढची बाजू उचलायचे लेव्हलिंग किट बनवणारे, विकणारे आणि बसवणारे सर्व जण

सप्रेम नमस्कार.

तुमच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत '२ इंच' लिहिलेलं असतं. आत ॲल्युमिनियमचे दोन ठोकळे, सहा नट आणि घडी घातलेला एक कागद. ठोकळ्याला व्हर्नियर लावला की जाडी निघते २७-२८ मिलिमीटर, आणि गिऱ्हाईक म्हणतं की आपल्याला फसवलं. तसं नसतं. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक यांचा एकत्र खांब) लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, टोकाला नसून मध्ये कुठेतरी बसलेला असतो. तो चासीकडून मोजून आर्मच्या लांबीच्या साधारण ५५ टक्क्यांवर असेल, तर वर घातलेले २७ मिलिमीटर चाकापाशी ५० होतात. हे गणित बसवणाऱ्याला ठाऊक असतं, विकणाऱ्याला अर्धवट, आणि पैसे देणाऱ्याला मुळीच नाही. आमची तक्रार इथूनच सुरू होते, कारण या दोन इंचांबद्दल ज्या आणखी गोष्टी सांगायला हव्यात त्यासुद्धा अशाच गाळल्या जातात.

पहिली गोष्ट. पिकअप कारखान्यातून मागून उंच येते ती मुद्दाम. रिकाम्या गाडीत मागची बाजू पुढच्यापेक्षा ४० ते ६० मिलिमीटर वर असते, म्हणजे हौदा भरल्यावर किंवा ट्रेलर जोडल्यावर मागचे पाटे बसतात आणि गाडी समतल होते. रिकामी गाडी समतल दिसावी म्हणून तुम्ही नाक उचलता, तेव्हा भरलेली गाडी मागे बसणार हे तेव्हाच ठरतं. त्यात पुढच्या चाकांवरचा भारही ट्रेलरच्या हुकामुळे कमी झालेला असतो, म्हणून स्टिअरिंग हलकं, तरंगतं लागतं. जो माणूस आठवड्यातून चार दिवस माल वाहतो त्याला हे किट विकूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. विकायचंच असेल तर मागच्या बाजूला हेल्पर स्प्रिंग किंवा एअर बॅग (हवेची स्प्रिंग) लागेल, हे बिल करण्याआधी सांगा.

आता मूळ मुद्दा. पुढे कॉइल स्प्रिंगचा स्ट्रट असलेल्या गाडीत उंची वाढवण्याचे दोन स्वस्त मार्ग आहेत आणि बाजारात दोन्ही एकाच नावाने विकले जातात. एकात ठोकळा स्ट्रटच्या टोपीवर, चासीच्या आणि स्ट्रटच्या मध्ये बसतो. दुसऱ्यात तो स्ट्रटच्या आत, टोपी आणि स्प्रिंग यांच्यामध्ये बसतो. बाहेरून पाहणाऱ्याला निकाल सारखाच दिसतो, नाक ५० मिलिमीटर वर. पण दोन्हींत गाडी बिघडण्याची तऱ्हा निराळी आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा मूळ गाडीत चाक उभ्या स्थितीतून १०० मिलिमीटर खाली लटकू शकतं आणि ११५ मिलिमीटर वर जाऊ शकतं. ठोकळा स्प्रिंगवर घातला, तर स्ट्रटची कमाल आणि किमान लांबी तीच राहते, फक्त गाडी त्या प्रवासात वरच्या टोकाकडे उभी राहते. खाली उरतात ५० मिलिमीटर, वर होतात १६५. गतिरोधक उतरताना चाक खाली पडायला जागाच नसते. स्ट्रट पूर्ण लांब होऊन आतल्या आत ठोकतो आणि 'ठक्' असा आवाज येतो. गिऱ्हाईक परत येतं, म्हणतं स्प्रिंग कडक झाली. स्प्रिंग कडक झालेली नसते. प्रीलोड (स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब) वाढवल्याने स्प्रिंगचा दर, म्हणजे तिचा मूळ कडकपणा, बदलत नाही; दर तारेच्या जाडीवर, वेढ्याच्या व्यासावर आणि वेढ्यांच्या संख्येवर ठरतो. कडकपणा जाणवतो तो खालचा प्रवास संपल्यामुळे. खड्ड्यात चाक जात नाही, अख्खी गाडी जाते. शिवाय चाक पूर्ण वर गेलं की स्प्रिंग आता मूळपेक्षा २७ मिलिमीटर जास्त दाबली जाते. वेढ्यांमध्ये तेवढी फट नसेल, तर बंप स्टॉप (चाकाची वरची हद्द ठरवणारा रबरी अडथळा) लागायच्या आधी वेढ्यावर वेढा बसतो. असं वारंवार झालं तर स्प्रिंग तुटते, नाहीतर टोपीचं बेअरिंग जातं.

ठोकळा टोपीवर घातला, तर स्ट्रट आपल्या मूळ जागीच काम करतो, चाल पहिल्यासारखी मऊ लागते आणि गिऱ्हाईक खूश होतं. म्हणून हा प्रकार जास्त खपतो. पण अख्खा स्ट्रट चासीच्या हिशेबाने खाली सरकलेला असतो. आता पूर्ण लटकल्यावर चाक मूळ हद्दीपेक्षा ५० मिलिमीटर आणखी खाली जातं, आणि अप्पर बॉल जॉइंट (चाकाकडचा वरचा गोल सांधा), ड्राइव्ह शाफ्ट, ब्रेकचा होज, एबीएसची वायर यांपैकी एकही त्या जागेसाठी बनवलेलं नाही. वरच्या टोकाला दुसरीच गडबड होते. स्ट्रट ५० मिलिमीटर आधीच संपतो, आणि लोअर आर्मचा जो रबरी बंप स्टॉप चासीवर ठोकायचा तो अजून हवेतच असतो. सगळा धक्का शॉकच्या आत पिस्टनवर जातो. काही महिन्यांत सीलमधून तेल यायला लागतं, आणि दोष शॉकच्या कंपनीला दिला जातो.

तेव्हा ठोकळा कुठे बसतो हे खोक्यावर लिहा. 'प्रीलोड' की 'टॉप माउंट', एवढे दोन शब्द पुरेत. दोन्ही प्रकारचे ठोकळे एकाच स्ट्रटवर घालून '४ इंच' करणाऱ्यांना मात्र आम्हाला काही सांगायचं नाही. त्यांच्या गिऱ्हाइकांना सांगायचं आहे, की त्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा. लांब बॉडीचा आणि लांब दांड्याचा स्ट्रट, त्याला जुळणारी उंच स्प्रिंग आणि बदललेला अप्पर आर्म, हा खर्चिक पण सरळ मार्ग उपलब्ध आहे. त्यात खालचा प्रवास परत मिळतो. ५० मिलिमीटरच्या पुढे जायचं असेल तर आमच्या मते हाच एक मार्ग.

टॉप माउंट ठोकळा बसवल्यावर गाडी जॅकवरून उतरवण्याआधी एक तपासणी करा, दहा मिनिटांची. दोन्ही चाकं पूर्ण लटकू द्या. स्टॅबिलायझर बारच्या लिंक दोन्ही बाजूंनी सुटलेल्या असू द्या, नाहीतर बार चाकाला धरून ठेवतो आणि खोटं समाधान मिळतं. आता टॉर्च घेऊन अप्पर आर्म आणि स्प्रिंग यांच्यामधल्या फटीत बघा. कित्येक गाड्यांत मूळच्या आर्मची आतली कड स्प्रिंगला टेकलेली दिसेल. नजरेने कळत नसेल तर तिथे ओल्या मातीचा छोटा गोळा चिकटवा, जॅकने लोअर आर्म वर-खाली करा आणि गोळा काढून पाहा. गोळा ३ मिलिमीटरपेक्षा पातळ झाला असेल तर चालत्या गाडीत तिथे धातूला धातू लागणार, कारण रबरी बुश भाराखाली थोडे दबतातच. मग अप्पर बॉल जॉइंटचा रबरी बूट बघा. एका बाजूला तो पूर्ण ताणलेला आणि दुसऱ्या बाजूला चुरगळलेला असेल, तर जॉइंटची दांडी आपल्या कपाच्या कडेला टेकायला आली आहे. हा जॉइंट तुटला तर नुसता आवाज होत नाही, चाक बाहेर कलंडतं. शेवटी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून ब्रेकच्या होजवर बोट ठेवा. तो सतारीच्या तारेसारखा ताठ लागत असेल, तर त्याचा ब्रॅकेट खाली घ्या किंवा होज लांब घ्या.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टचा प्रश्न वेगळा उभा राहतो. बाहेरचा जॉइंट मोठा कोन सहन करतो, स्टिअरिंग फिरवल्यावर तो वळतोच. आतला जॉइंट बहुधा तीन लाटांचा (रोलरचा) असतो, आत-बाहेर सरकणारा, आणि त्याला सततचा मोठा कोन आवडत नाही. जोराने ॲक्सिलरेटर दिला की पुढून बारीक थरथर येते आणि पाय काढला की थांबते. तो हाच जॉइंट. बूटच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात, ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला फवारल्यासारखं उडतं, आणि त्यानंतर जॉइंटचं आयुष्य आत शिरणाऱ्या मातीवर अवलंबून. डिफरन्शियल खाली घ्यायचे स्पेसर तुम्ही यावर उपाय म्हणून विकता. पण बऱ्याच किटमध्ये ते डिफरन्शियलची फक्त पुढची बाजू २५ मिलिमीटर खाली घेतात. डिफरन्शियल मागच्या माउंटवर किंचित फिरतं आणि शाफ्टची जागा त्यापेक्षा बरीच कमी उतरते. उपयोग शून्य नाही, पण खोक्यावर जेवढा गाजावाजा असतो तेवढा नक्कीच नाही. त्या स्पेसरमुळे खालचं संरक्षक पत्र्याचं कव्हर बसत नसेल तर तेही आधी सांगा.

बसवणाऱ्या मंडळींशी आता थोडं सविस्तर.

काम मोजमापाने सुरू करा. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नका, टायरमधली हवा त्यात घुसते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही कोपरे मोजा आणि कागदावर लिहा. ड्रायव्हर, बॅटरी आणि डिझेलची टाकी एकाच बाजूला असेल तर गाडी मुळातच त्या बाजूला ६ ते १० मिलिमीटर झुकलेली असू शकते. दोन्हीकडे सारखे ठोकळे घातले की झुकाव तसाच राहतो, आणि उचललेल्या गाडीत तो जास्त डोळ्यांत भरतो.

मागच्या चाकांना अडण लावा, घोड्या (जॅक स्टँड) चासीखाली घ्या, आर्मखाली नको. टाय रॉडचं (चाक वळवणाऱ्या स्टिअरिंगच्या दांडीचं) टोक काढताना नट दोन-तीन आटे ठेवून सैल करा आणि नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या तुकड्याच्या) ज्या गोल कानात निमुळती दांडी बसते त्या कानावर बाजूने हातोड्याचा एक नेमका ठोका द्या. दांडी सुटते. दोन दात्यांची पाचर घुसवली तर काम लवकर होतं खरं, पण रबरी बूट फाटतो आणि नवा टाय रॉड सहा महिन्यांत ढिला होतो. अप्पर बॉल जॉइंटलाही हीच रीत. जॉइंट मोकळा झाल्यावर नकलला बाहेर लोंबू देऊ नका, वायरने चासीला बांधा, नाहीतर आतल्या जॉइंटच्या लाटा कपातून निसटतात आणि पूर्ण शाफ्ट उघडावा लागतो.

स्ट्रटच्या टोपीवर कडेने तीन नट असतात आणि मध्ये एक. मधल्या नटला स्प्रिंग आवळल्याशिवाय हात लावू नका. त्याच्या खाली दाबलेली स्प्रिंग आहे, आणि ती सुटली तर टोपी तोंडावर येते. हे वाक्य तुमच्या सूचनापत्रावर पहिल्या ओळीत, ठळक अक्षरांत हवं. आज ते कुठेतरी सातव्या मुद्द्यात असतं किंवा नसतंच. प्रीलोडचा ठोकळा घालताना स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर ठेवा. उघडण्याआधी टोपी, स्प्रिंगचं टोक आणि खालच्या बोल्टचा डोळा यांवर रंगाची एकच सरळ रेघ ओढा. जोडताना रेघ जुळली नाही तर खालचा बोल्ट भोकात बसत नाही, आणि मग पहारीने पिळून तो बसवला जातो. तो पीळ खालच्या बुशमध्ये कायमचा राहतो.

बुशवरून आठवलं. सगळ्यांत जास्त वेळा आणि सगळ्यांत शांतपणे होणारी चूक इथेच आहे. आर्मचे रबरी बुश फिरणारे बेअरिंग नसतात. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, बोल्ट आवळला की आतली नळी जखडते, आणि आर्म हलतो तेव्हा रबर पिळतं. बोल्ट ज्या उंचीवर आवळला तीच रबराची विश्रांतीची जागा. चाक लटकलेलं असताना लोअर आर्मचे आणि स्ट्रटचे खालचे बोल्ट पूर्ण टॉर्कने (ठरवून दिलेल्या जोराने) आवळले, तर गाडी जमिनीवर आल्यापासून रबर रात्रंदिवस पिळलेलं राहतं. उंचीही काही मिलिमीटर जास्त दिसते, मग रबर थकलं की उतरते, आणि गिऱ्हाईक म्हणतं ठोकळा बसला. ॲल्युमिनियमचा ठोकळा बसत नसतो. तेव्हा हे बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, पाच-सहा मीटर पुढे-मागे ढकला, बोनेटवर दोन-चार वेळा दाब द्या आणि मगच टॉर्क पान्हा लावा. आणि ज्या आर्मला तुम्ही हातही लावला नाही त्याचे बोल्टसुद्धा या उंचीवर एकदा सैल करून पुन्हा आवळा, कारण त्यांचं रबर जुन्या उंचीला सरावलेलं आहे. कोणत्या बोल्टला किती टॉर्क, ते त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. नायलॉन असलेले लॉकनट एकदा काढले की टाकून द्या आणि ते किटमध्ये नवे द्या. एवढ्याशा गोष्टीत काटकसर कसली करायची? पहिल्या १०० किलोमीटरनंतर चाकांचे आणि ५०० नंतर टोपीचे नट पुन्हा तपासायला गाडी बोलवा.

यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. उंची बदलली की टाय रॉड आणि आर्म यांचे कोन बदलतात आणि टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) हमखास बिघडतो. कॅंबर (समोरून पाहता चाकाचा कल) बदलतो, आणि कॅस्टर (बाजूने पाहता चाक वळण्याच्या आसाचा मागचा कल) बहुतेक वेळा कमी होतो. गॅरेजमधून गाडी फक्त टो जुळवून सोडली जाते, कारण त्यात वीस मिनिटं लागतात. टो बरोबर असल्याने स्टिअरिंग सरळ दिसतं. पण कॅस्टर कमी राहिला तर महामार्गावर गाडी भरकटते, वळणावरून स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायला आळस करतं आणि ड्रायव्हर दिवसभर बारीक बारीक दुरुस्त्या करत राहतो. लोअर आर्मच्या कॅम बोल्टला (फिरवून हे कोन जुळवायच्या बोल्टला) मर्यादित वाव असतो. ५० मिलिमीटरच्या आसपास बऱ्याच गाड्यांत कॅंबर हद्दीत आणता आणता कॅस्टरचा वाव संपतो. तिथे जादा कॅस्टर बसवलेला बदली अप्पर आर्म लागतो. मशीनवर आकडा लाल दिसत असताना 'चालतंय' म्हणू नका. डाव्या-उजव्या कॅस्टरमधला फरक अर्ध्या अंशाच्या आत ठेवा, नाहीतर गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. काम संपल्यावर स्टिअरिंग अँगल सेन्सरला नवा शून्य द्या. तो दिला नाही तर स्टॅबिलिटी कंट्रोल सरळ रस्त्यावरही वळण समजून ब्रेक ओढू शकतो.

टो बिघडलेला कळायला मशीनही लागत नाही. हजार-दीड हजार किलोमीटरनंतर पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेने हात गुळगुळीत सरकतो आणि उलट्या दिशेने करवतीसारखा अडकतो, तर चाकं सरळ गडगडत नाहीत, तिरकी घासत आहेत.

टॉर्शन बारच्या (कॉइल स्प्रिंगऐवजी पिळणारी पोलादी दांडी असलेल्या) गाड्यांना ठोकळा लागत नाही, एक बोल्ट आवळला की नाक वर येतं. हे काम फुकटात होतं असा समज तिथूनच पसरला. बोल्ट आवळल्याने बारचा दर वाढत नाही, फक्त तिची सुरुवातीची जागा फिरते. म्हणजे हाही खालच्या प्रवासातूनच काढलेला इंच. आर्म लटकण्याच्या रबरी स्टॉपजवळ येऊन बसतो आणि प्रत्येक गतिरोधकानंतर त्यावर आपटतो. बोल्ट फिरवण्याआधी चासी जॅकवर घेऊन बारचा भार उतरवा आणि आट्यांना ग्रीस लावा. कोरडा बोल्ट भाराखाली फिरवला की आटे सोलून निघतात. एकेक फेरा देऊन गाडी उतरवा, ढकला, मोजा. एक बाजू उचलली की दुसरीचीही उंची थोडी बदलते, त्यामुळे दोन्ही बोल्टना सारखेच फेरे असा हट्ट नको, उंची सारखी हवी. बोल्टचा वाव संपल्यावर वेगळ्या कोनाची 'टॉर्शन की' (बारच्या टोकावरचा, बोल्ट ज्याला दाबतो तो तुकडा) घालायची असेल, तर बार सोडवायचं खास अवजार वापरा. साध्या पुलरने ती सोडवताना निसटली तर पोलादाची ती पिळलेली दांडी काय करू शकते, याची कल्पनाच केलेली बरी.

सलग एक्सल आणि कॉइल स्प्रिंगच्या जड पिकअपमध्ये बॉल जॉइंटचे आणि शाफ्टचे कोन बदलत नाहीत, म्हणून तिथे लोक निश्चिंत असतात. पण रेडियस आर्म (एक्सलला चासीशी जोडणारा लांबट दांडा) ८०० मिलिमीटर लांब असेल आणि गाडी ५० ने उचलली, तर एक्सल साडेतीन अंशांच्या आसपास पुढे कलतं. गाडीचं नाक वर गेल्याने त्यातला साधारण एक अंश परत मिळतो, बाकीचा कॅस्टर गेला. एक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा ट्रॅक बार ठराविक लांबीचा असतो. ९०० मिलिमीटरचा बार, ज्याचं एक टोक आधीच १०० ने खाली आहे, तो आणखी ५० खाली गेला की एक्सलला ७ मिलिमीटर बाजूला ओढतो. लांबी जुळवता येणारा बार हा यावरचा इलाज. नुसता त्याचा चासीकडचा ब्रॅकेट खाली घेतला आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारी दांडी) होती तशीच ठेवली, तर दोघी समांतर राहत नाहीत आणि प्रत्येक उंचवट्यावर स्टिअरिंग स्वतःहून हलतं. वेगात पुढचं एक्सल थरथरायला लागलं तर नवा स्टिअरिंग डॅम्पर विकून मोकळे होऊ नका. डॅम्पर थरथर झाकतो. ती येते ढिल्या ट्रॅक बारच्या बुशमधून, कमी कॅस्टरमधून, असंतुलित चाकांतून.

पुढे पाटे असतील तर पाटा वाढवा किंवा शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारा झुलता दुवा) बदला. पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा पुढच्या बाजूला कधीही नाही. ब्रेक लागला की एक्सल त्या ठोकळ्याच्या तरफेने फिरू पाहतं, आणि यू बोल्टची पकड एकदा सैल झाली की स्टिअरिंगचं एक्सलच जागा सोडतं.

टायरबद्दल थोडक्यात, कारण गिऱ्हाईक बहुतेक वेळा येतं त्यासाठीच. 'उचलली म्हणजे मोठा टायर बसेल' हे अर्धसत्य आहे. प्रीलोडच्या ठोकळ्याने चाकाची वरची हद्द बदलत नाही. पूर्ण दबल्यावर टायर मडगार्डच्या आत मूळ जागीच पोहोचतो. उभ्या गाडीत दिसणारी फट बघून टायर ठरवू नका. स्प्रिंग काढलेली असताना नवं चाक लावा, लोअर आर्म जॅकने बंप स्टॉपपर्यंत न्या आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. मागच्या बाजूला चासीच्या माउंटला आणि मडगार्डच्या प्लास्टिकला जिथे लागतं ते तिथल्या तिथे दिसतं. बाहेर निघालेला, कमी ऑफसेटचा रिम घातला तर ते घासणं वाढतं, कमी होत नाही.

आणि हेडलाइट. ३२०० मिलिमीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) गाडीचं नाक ५० मिलिमीटर वर गेलं की गाडी ०.९ अंशाने मागे कलते. उताराच्या भाषेत ते १.६ टक्के. डिपरचा झोत मुळात १ ते १.५ टक्के खाली झुकवलेला असतो, म्हणजे तुमच्या दोन इंचांनी तो झुकाव सगळा खाऊन टाकला आणि प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत गेला. डिपर मारूनही समोरून शिव्या का येतात, हे मालकाला कळतच नाही. गाडी सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर उभी करा, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर आखा आणि झोताची वरची कड त्या रेघेच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली आणा. नेमका आकडा बहुधा दिव्यावरच छापलेला असतो. बंपरमध्ये रडार किंवा काचेवर कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशनही याच यादीत धरा.

पुढचं झालं की 'मागेही एक इंच घालू' असं होतं. मागे भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल, तर त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. मागची उंची वाढली की व्हॉल्व्हला गाडी कायमची रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीतही तो मागचा ब्रेक कमी देतो. दांडीचा ब्रॅकेट तेवढाच सरकवा.

आमच्या मागण्या फार नाहीत. किट बनवणाऱ्यांनी खोक्यावर ठोकळ्याची जाडी, चाकापाशी मिळणारी उंची, ठोकळ्याचा प्रकार आणि बसवल्यावर उरणारा खालचा प्रवास, हे चार आकडे-शब्द छापावेत, आणि त्या गाडीला अप्पर आर्म लागणार असेल तर 'ऐच्छिक' या सदरात तो लपवू नये. विकणाऱ्यांनी गाडी माल वाहते का, ट्रेलर ओढते का, हे विचारल्याशिवाय बिल करू नये. आणि असा बदल कितपत चालतो, नोंदवावा लागतो का, विमा कंपनीला कळवायचा का, हे मालकाला विचारून घ्यायला लावावं. बसवणाऱ्यांनी आधीच्या आणि नंतरच्या चार कोपऱ्यांच्या उंच्या, अलाइनमेंटचे दोन्ही कागद आणि हेडलाइट जुळवल्याची नोंद किल्लीबरोबर हातात द्यावी.

आणि दाराच्या चौकटीवर, टायरमधल्या हवेचा तक्ता असतो त्याच्या खाली, एक छोटं स्टिकर लावा: कोणता ठोकळा, किती जाडीचा, कोणत्या तारखेला आणि किती किलोमीटरवर बसवला. ही गाडी उद्या दुसऱ्याच्या हाती जाईल. स्ट्रट बदलायला आलेल्या पुढच्या मेकॅनिकला, मधल्या नटला पान्हा लावण्याआधी, आत जादा दाबलेली स्प्रिंग आहे हे कळायला दुसरी कोणतीही वाट नाही.

आपले,
सस्पेन्शन आणि अलाइनमेंटच्या कामातले काही जण